पोस्टग्रेस्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या वाचनालयाची देवघेव गेली काही वर्षं मी लिहिलेल्या पीएचपी स्क्रिप्टांवर चालायची. पुस्तक शोधायला एक फाइल, द्यायला दुसरी, वर्गणी पाहायला तिसरी. प्रत्येकीत काम तेच: विनंती घ्या, तपासा, एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) चालवा, उत्तर जेसनमध्ये (वेबवर माहिती पाठवायच्या साच्यात) बांधून द्या. आठ महिन्यांपूर्वी हे सगळं बाजूला ठेवून पोस्टग्रेस्ट बसवलं. (डेटाबेस पोस्टग्रेस आणि त्याच्या पुढ्यातलं हे पोस्टग्रेस्ट. वाचताना शेवटच्या 'ट'कडे लक्ष असू द्या.)

हॅस्केलमध्ये लिहिलेला हा एकच प्रोग्राम तुमची टेबलं, व्ह्यू (टेबलांवर आधारलेल्या तयार याद्या) आणि फंक्शनं थेट वेबवर उघडतो. कॉन्फिग फाइलीत तीन ओळी लिहिल्या: डेटाबेसचा पत्ता, उघडायचा स्कीमा (टेबलांचा गट) आणि लॉगिन न केलेल्यांसाठीचा रोल (डेटाबेसमधलं हक्क असलेलं खातं). त्याच संध्याकाळी 3000 पोर्टवर पुस्तकांची यादी दिसली. लेखकाप्रमाणे गाळून पाहणं किंवा फॉरेन कीच्या (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणाऱ्या दुव्याच्या) आधारे पुस्तकासोबत लेखकाची माहिती आणणं, यासाठी वेगळं काही लिहावं लागलं नाही.

खरं स्क्रिप्टिंग आता डेटाबेसमध्येच होतं. 'पुस्तक द्या' हे पीएल/पीजीएसक्यूएलमधलं (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भाषेतलं) एक फंक्शन आहे. ते दाखल क्रमांकाची ओळ लॉक करतं, वर्गणी बाकी आहे का पाहतं, मग नोंद करतं. पोस्टग्रेस्ट प्रत्येक विनंती एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतं, त्यामुळे मध्येच काही चुकलं तर अर्धवट नोंद राहत नाही. प्रत आधीच बाहेर गेली असेल तर फंक्शन 'पीटी409' हा कोड देऊन एरर काढतं आणि ब्राउझरला बरोबर 409 (वेबवरचा 'टक्कर झाली' असा कोड) मिळतो. पूर्वी देवघेवीच्या दोन काउंटरांवरून एकच प्रत दोघांच्या नावावर चढायची. आठ महिन्यांत तसं एकदाही झालं नाही.

पहिल्याच आठवड्यात एक संध्याकाळ वाया गेली. नवं फंक्शन केलं, तर 404 ('सापडलं नाही'). कारण पोस्टग्रेस्ट स्कीमाची माहिती कॅशमध्ये ठेवतं. बदल केल्यावर डेटाबेसमधून नोटिफाय हा आदेश पाठवून ती ताजी करावी लागते.

पण नव्याने सुरू करणाऱ्याला मला कळकळीने सांगायचं आहे ते परवानग्यांबद्दल. टेबलं नंतर, आधी रोल कागदावर मांडा. इथे मध्ये दुसरं कुणी राखणदार नाही. ग्रँटमध्ये (परवानगी देण्याच्या आदेशात) जे दिलं, ते जगाला दिलं. सभासदांच्या टेबलावर मी रो लेव्हल सिक्युरिटी लावली होती, प्रत्येकाला फक्त स्वतःची ओळ दिसावी म्हणून. त्यावर एक सोयीचा व्ह्यू केला. खुलं करण्याआधी आईच्या खात्यातून लॉगिन करून पाहिलं, तर सगळ्या सभासदांचे फोन नंबर समोर! व्ह्यू त्याच्या मालकाच्या हक्कांनी चालतो, आणि मालकाला तो नियम लागू होत नाही. पोस्टग्रेस 15 पासून व्ह्यूला 'सिक्युरिटी इन्व्होकर' लावता येतं, म्हणजे तो विचारणाऱ्याच्या हक्कांनी चालतो. तेवढ्यासाठी तरी 15 किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. फंक्शनांचंही तसंच: नवं फंक्शन चालवायची मुभा मुळातच सर्वांना असते, ती आपण काढून घ्यायची. त्या रात्री मी एकेक फंक्शन तपासत बसलो होतो.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. डेटाबेसला मराठीची आयसीयू कोलेशन (शब्दांचा क्रम लावायचे नियम) दिली आणि 'कावळा' आधी, 'काळ' नंतर असा क्रम लागला. युनिकोडच्या क्रमांकांनुसार ळ हा व च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. जुन्या यादीत हा क्रम चुकायचा आणि ग्रंथपालकाका दर वेळी बोट ठेवून दाखवायचे. आता छापील सूचीशी यादी जुळते.

गैरसोय आहेच. फंक्शनं डेटाबेसमध्ये राहतात, म्हणून त्यांच्या फाइली गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) वेगळ्या जपाव्या लागतात, आणि चूक शोधणं पीएचपीइतकं सोपं नाही. ज्यांना एसक्यूएलची आवड नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या स्क्रिप्टांपैकी एकच शिल्लक आहे: मुदत उलटलेल्या सभासदांना रोज रात्री ईमेल पाठवणारी. ते काम डेटाबेसच्या गळ्यात घालायचं नाही असं ठरवलंय, ती क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीवर) आहे तशीच चालू राहील.