'ड्यून' बोर्ड गेम: फ्रेमेनना सगळं फुकट, म्हणूनच अवघड

फ्रँक हर्बर्टच्या कादंबरीवरचा, अ‍ॅव्हलॉन हिलने 1979 मध्ये काढलेला 'ड्यून' गेल फोर्स नाइनने 2019 मध्ये पुन्हा बाजारात आणला. सहा पक्षांपैकी फ्रेमेन, म्हणजे अराकिस या ग्रहाच्या वाळवंटातले कल्पित लोक, बहुधा नवख्याच्या गळ्यात मारले जातात, कारण 'त्यांना सगळं फुकट'. फसगत तिथूनच सुरू होते.

हाताशी स्पाइस, म्हणजे खेळातलं चलन, जेमतेम 3. वीसपैकी 10 सोंगट्या सीच तबर, फॉल्स वॉल साउथ आणि फॉल्स वॉल वेस्ट इथे हव्या तशा वाटायच्या. तिन्ही जागा खडकाच्या, त्यामुळे पटावर फिरणाऱ्या, वाळूवरच्या सोंगट्या मारणाऱ्या वादळाची भीती नाही. उरलेल्या दहा राखीव. बाकीच्यांना पटावर उतरायला स्पाइस मोजावं लागतं. फ्रेमेन इथलेच, त्यांना कसलं भाडं? मात्र उतरायचं ते ग्रेट फ्लॅटवर किंवा तिथून दोन प्रदेशांच्या आत. अराकीन हे मोक्याचं शहर राहिलं दूर. तिथे पायीच जायचं, एका चालीत दोन प्रदेश.

नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच फेरीत राखीव दहाही सोंगट्या स्पाइसवर ओतणं. एक सोंगटी 2 स्पाइस उचलते, म्हणजे 6 स्पाइसला तीन पुरेत. बाकीच्या सात उघड्या वाळूवर वादळाच्या तोंडी. प्रगत नियमांत वादळात फ्रेमेनच्या निम्म्याच सोंगट्या मरतात, शिवाय पुढचं वादळ किती घरं सरकणार हे पत्त्यावर फक्त त्यांना आधी दिसतं. हा गेम प्रगत नियमांनीच खेळावा. साध्या नियमांत फ्रेमेन अर्धेच उरतात.

खरी मजा वाळूकिड्यात आहे. किड्याचा पत्ता निघाला की शेवटचं स्पाइस पडलेल्या प्रदेशातलं सगळं तो गिळतो, फ्रेमेन सोडून. युती जोडायची-तोडायची बोलणी उरकली की त्या सोंगट्या किड्यावर स्वार होऊन पटावर कुठेही जातात. वादळाची आणि दोन पक्षांनी आधीच भरलेल्या ठाण्याची (शहर किंवा सीच, म्हणजे वस्ती) अडचण तेवढी पाळायची. म्हणून जिथे ताजं स्पाइस पडलंय तिथे चार-पाच सोंगट्या मुद्दाम रेंगाळत ठेवाव्या. इतरांसाठी जो मृत्यू, ते यांचं वाहन: जमातीची ओळख चित्रापेक्षा नियमात उतरली आहे ती इथे.

लढाईत सोंगटीची पूर्ण ताकद मोजायला इतरांना प्रत्येकी 1 स्पाइस लागतं, फ्रेमेनना नाही. तीन फेदायकिन, म्हणजे फ्रेमेनच्या खास लढवय्या सोंगट्या, दुप्पट मोजतात. पण शस्त्रांचे पत्ते लिलावात घ्यायचे, आणि तिथे रिकामा खिसा नडतो. ढालीच्या पत्त्यावाचून फ्रेमेनचा 7 ताकदीचा नेता स्टिलगार पुढे करणं म्हणजे त्याला मारायला पाठवणं.

एक गोष्ट खटकते. मेलेल्याच्या देहातलं पाणीही वाया न घालवणाऱ्या या लोकांच्या खेळात पाण्याचा नियमच नाही! मेलेल्या सोंगट्या सगळ्यांच्याच जातात त्या त्लेइलाक्सू टाक्यांत, म्हणजे पटावरच्या मेलेल्यांच्या जागेत, जातात आणि फ्रेमेनच्या दर फेरीला तीन फुकट परत येतात. सोय आहे, संस्कृती नाही.

2 ते 6 जणांचा म्हणून विकतात, पण सहा जण नसतील तर फ्रेमेनचा रंग उतरतो. दहाव्या फेरीअखेर कोणीच जिंकलं नसेल आणि सीच तबर व हब्बान्या सीच फ्रेमेनकडे किंवा रिकामी असतील, तर जय त्यांचा. अट एकच: ट्यूक्स सीचमध्ये हार्कोनेन, अत्रेइदीज किंवा सम्राट या पक्षांपैकी कोणी नको. गिल्ड हा वाहतूकदारांचा पक्ष बसला असेल तर चालतं, पण अट मोडली की डाव गिल्डच्याच घशात जातो. म्हणून शेवटच्या दोन फेऱ्यांत तिच्याशी युतीची बोलणी जपून करावी.