घाटउतारासाठी रेडस्टफ ब्रेक पॅड
ताम्हिणीसारखा लांब घाट उतरताना साधे पॅड तापून त्यांची पकड कमी होते आणि पेडल जोराने दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, तेव्हा चांगल्या पॅडचे मोल कळते. ईबीसी या ब्रिटिश कंपनीचे सिरॅमिक रेडस्टफ पॅड मला रोजच्या वापरातील वेगवान गाडीसाठी योग्य वाटतात. अलॉय चाकांवर पॅड झिजून पडणारी काळी भुकटीही फारच कमी साचते. निव्वळ शर्यतीचे पॅड रस्त्यावर नकोतच, कारण पुरेसे तापल्याशिवाय ते नीट पकड घेत नाहीत. पॅड बदलताना जुने ब्रेक ऑइलही बदलून घ्यावे. त्यात मुरलेल्या पाण्याची उष्णतेने वाफ झाली, तर कितीही महागडा पॅड कामी येत नाही.