मुंबई ते न्यूयॉर्क, सहकुटुंब : बिझनेस क्लासचे पैसे कोणासाठी मोजावेत?

मुंबईहून अमेरिकेला सहकुटुंब जायचे ठरले की तिकिटे काढताना एक विचार हमखास मनात येतो : प्रवास इतका लांबचा, बरोबर मुले, शिवाय सासूबाई किंवा आई, तेव्हा एकदाच काय ते पैसे घालून सर्वांनी बिझनेस क्लासनेच का जाऊ नये? न्यू जर्सीत राहणाऱ्या नणंदेकडे जाण्याच्या निमित्ताने आमच्या घरी हा विषय वारंवार निघाला आणि आखाती देशांमार्गे जाणाऱ्या विमानांच्या दोन्ही वर्गांतून मुलांसह प्रवास झाल्यावर माझे मत बऱ्यापैकी पक्के झाले आहे. संपूर्ण कुटुंबाचा एकगठ्ठा हिशोब मांडला तर बिझनेस क्लास परवडत नाही आणि पटतही नाही. पण हाच हिशोब एका माणसापुरता आणि प्रवासाच्या एका टप्प्यापुरता मांडला, तर काही ठिकाणी तो पैसा अगदी योग्य जागी पडतो. ती ठिकाणे कोणती, हे सांगण्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आधी पैशांचे पाहू. लांबच्या मार्गावर बिझनेसचे भाडे सामान्यतः इकॉनॉमीच्या तिप्पट-चौपट असते, हे बहुतेकांना ठाऊक असते; कराचा फरक मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीखेरीज इतर वर्गांच्या विमान तिकिटांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि इकॉनॉमीचा ५ टक्केच राहिला. समजा, बिझनेसचे मूळ भाडे माणशी चार लाख रुपये आहे, तर नुसता कर ७२,००० रुपये होतो, म्हणजे जुन्या दरापेक्षा माणशी २४,००० रुपये अधिक. कंपनीच्या कामासाठी प्रवास करणाऱ्याला हा कर पुढे वळता करून घेता येतो. घरच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबाला तशी सोय नाही. दोन वर्षांखालील बाळाचे तिकीट साधारणपणे मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के असते, आणि ते ज्या वर्गात आई-वडील बसतील त्याच वर्गाच्या भाड्याचे दहा टक्के असते. म्हणजे जे बाळ सगळा वेळ आईच्या मांडीवरच राहणार, त्याचे चाळीस हजार रुपये. बाळ प्रवासादरम्यान दोन वर्षांचे होणार असेल, तर परतीला त्याचे स्वतंत्र आसन घ्यावे लागते, आणि बिझनेसमध्ये ते आसन किती रुपयांना पडते हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बिझनेस क्लासमध्ये आपण प्रामुख्याने विकत घेतो ती पूर्ण आडवी होणारी साडेसहा फुटांची शय्या. ज्याला बसून झोप येत नाही, त्याच्यासाठी ती मोलाची आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र इकॉनॉमीतही झोप येते, आणि ती कशी येते हे जवळून पाहण्यासारखे आहे. दोन आसनांमधला हात वर उचलला, घरची पातळ रजई खाली अंथरली, डोके आईच्या मांडीवर आणि पाय वडिलांच्या मांडीवर ठेवले की मूल तासाभरात गाढ झोपते. बिझनेसमधल्या आसनांचा हात उचलता येत नाही. एक-दोन-एक अशा (दोन्ही खिडक्यांशी एकेक, मध्ये दोन) आधुनिक मांडणीत शेजारच्या आसनावर मूल असले, तरी मध्ये पेला, पुस्तक, चार्जर ठेवण्याचा रुंद कट्टा असतो. मुलाच्या अंगावरचे पांघरूण सरकले तर ते ओढण्यासाठी आईला आपला पट्टा सोडून उठावे लागते, आणि विमान हादरे घेत असताना तेही करता येत नाही. समोरचा पडदा मोठा असतो, पण लहान मुलाचा हात पोहोचणार नाही इतका लांब असतो, त्यामुळे दर दहा मिनिटांनी रिमोटवरचे बटण दाबून द्यायला कोणीतरी लागते. पाय ठेवण्याचा निमुळता कप्पा मोठ्यांना अडचणीचा होतो. मुलांना तो गुहेसारखा वाटतो, म्हणून ती त्यातच शिरून बसतात आणि जेवणाच्या वेळी बाहेर यायला तयार होत नाहीत.

आणखी एक गोष्ट, जिचा उल्लेख जाहिरातींत कधीच येत नाही. बिझनेसच्या केबिनमध्ये दिवे मंद झाल्यावर शांतता फार गडद असते. आजूबाजूच्या प्रवाशांनी त्या शांततेसाठीच पैसे मोजलेले असतात, हे आई-वडिलांना पुरते जाणवत राहते. मूल जरा कुरकुरले की दोघांपैकी एक जण त्याला उचलून स्वयंपाककक्षाच्या पडद्याआड जाऊन उभा राहतो. ज्या शय्येसाठी लाखो रुपये दिले ती रिकामी पडून राहते. इकॉनॉमीत इतर मुलांचे आवाज असतात, इंजिनाची घरघर अधिक ऐकू येते, आणि त्या गलक्यात आपल्या मुलाचे रडणे कोणाला फारसे खुपत नाही. सहा-सात वर्षांखालील मुलांसाठी बिझनेस क्लास घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणते, आणि त्यामागे भाड्यापेक्षाही हे कारण मोठे आहे.

या सर्वाला एक खरा अपवाद आहे : कतार एअरवेजचा क्यूस्वीट. २०१७ मध्ये आलेल्या या रचनेत एकाआड एक ओळ उलट्या तोंडाची असते. मधल्या भागातील समोरासमोर येणाऱ्या दोन ओळींमधले पडदे सरकवले की चार आसनांची एक छोटी खोलीच तयार होते आणि चौघांचे कुटुंब एकमेकांकडे तोंड करून बसू शकते. मधली जी आसने एकमेकांना चिकटून आहेत, त्यांची दुहेरी शय्या होते. आठ-दहा वर्षांची मुले असतील, तर दोहा ते न्यूयॉर्कचे साधारण चौदा तास या खोलीत जसे जातात तसे दुसऱ्या कोणत्याही केबिनमध्ये जात नाहीत. जेवण एकत्र होते, पत्ते खेळता येतात, आणि मुले झोपली की आई-वडिलांना उठून डोकवावे लागत नाही. मी या सेवेला मनापासून दाद देते.

पण इथेही दोन गोष्टी नीट तपासाव्यात. क्यूस्वीट कतारच्या सर्व विमानांत नाही. तो बोइंगच्या ७७७ आणि एअरबसच्या ए३५० या विमानांत मुख्यतः मिळतो, एअरबसच्या ए३८० आणि बोइंगच्या ७८७-८ मध्ये तो नाही. तिकीट काढताना आसनांचा नकाशा उघडून पाहावा, आणि प्रवासाच्या आधी विमान बदललेले नाही ना, हे पुन्हा पाहावे. दुसरे म्हणजे, बिझनेसच्या सर्वांत स्वस्त, 'लाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या भाड्यात लाउंज आणि विनामूल्य आगाऊ आसननिवड वगळलेली असते. मधली चार आसने मिळणार नसतील, तर कुटुंबाच्या दृष्टीने क्यूस्वीट म्हणजे दारे असलेल्या चार स्वतंत्र खोल्या, आणि एका खोलीत एक मूल एकटे. स्वस्त भाडे पाहून तिकीट काढायचे आणि नंतर आसनांसाठी वेगळे पैसे भरायचे, यापेक्षा आधीच वरच्या श्रेणीचे भाडे किती आहे ते पाहावे.

दुबईमार्गे नेणाऱ्या एमिरेट्सच्या ए३८० मध्ये बिझनेस वरच्या मजल्यावर आहे आणि मांडणी एक-दोन-एक. मधल्या जोड्या एका ओळीत जवळजवळ, तर पुढच्या ओळीत मध्ये कट्टे घालून दूर, अशा आहेत; आई आणि मूल यांच्यासाठी जवळची जोडी घ्यावी. मौज अशी की एमिरेट्सच्या ज्या ७७७ विमानांचे नूतनीकरण अजून झालेले नाही, त्यांतील दोन-तीन-दोन ही जुनी मांडणी एकट्या प्रवाशांना नकोशी वाटते, पण तिघांच्या कुटुंबाला तीच सोयीची पडते, कारण मुलाला मधोमध बसवता येते. एअर इंडियाच्या ए३५० मधील २८ दारबंद आसने दिसायला देखणी आहेत; २०२४ मध्ये ती दिल्ली-लंडन आणि दिल्ली-न्यूयॉर्क मार्गांवर आली. मुंबईकरांना त्यासाठी आधी दिल्ली गाठावी लागते, आणि मुलांसह एक जादा विमानबदल हा शय्येच्या सुखातून वजा करावाच लागतो.

मुंबई-दुबई किंवा मुंबई-दोहा हा टप्पा तीन-चार तासांचा. त्यावर अपग्रेड घेण्यात काहीच अर्थ नाही. पश्चिमेकडे जाणारी बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. मुले सुरक्षा तपासणीच्या रांगेतच पेंगुळलेली असतात आणि जेवण येईपर्यंत झोपलेली असतात. देशांतर्गत प्रवासात तर हा प्रश्नच उद्भवू नये.

तिकीट काढल्यानंतर अनेक कंपन्या बोली लावून अपग्रेड मिळवण्याचा निरोप पाठवतात. एकट्या माणसासाठी ही सोय उत्तम आहे, कुटुंबासाठी ती बेभरवशाची आहे. बोलीची रक्कम माणशी असते आणि बहुतेक ठिकाणी ती त्या पीएनआरमधील सर्वांना मिळून लागू होते. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याला चाराने किंवा पाचाने गुणून मगच बटण दाबावे. बोली मान्य झाली तरी शिल्लक राहिलेली आसने मिळतात, आणि ती शेजारी-शेजारी असतीलच असे नाही. आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये, एकाच पीएनआरवरील १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना किमान एका पालकाशेजारी आसन देण्याविषयी विमान कंपन्यांना बजावले आहे. पण इकॉनॉमीत आधीपासून निवडून ठेवलेली एका ओळीतली आसने सोडून ऐन वेळी नव्या केबिनमध्ये जागा शोधत बसण्याची जोखीम मुलांसह घेऊ नये, असेच मला वाटते.

प्रीमियम इकॉनॉमीबद्दल, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधल्या वर्गाबद्दल, थोडे सांगायला हवे. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये तिची मांडणी दोन-चार-दोन आहे, आसन साडेएकोणीस इंच रुंद आणि दोन ओळींमधले अंतर ४० इंचांपर्यंत आहे. साध्या इकॉनॉमीत हे अंतर साधारण ३१-३२ इंच असते. मधल्या चार आसनांत चौघांचे कुटुंब नेमके मावते. मुले सातच्या पुढची असतील आणि बिझनेसचा विचार करण्याइतके पैसे हाताशी असतील, तर मी आधी इथे थांबेन. मात्र इथेही आसनांचे हात पक्के बसवलेले असतात, त्यामुळे मांडीवर झोपणाऱ्या वयाच्या मुलांना त्याचा उपयोग नाही, आणि कर इथेही १८ टक्केच.

मग बिझनेसचे पैसे मोजावेत कोणासाठी? माझे उत्तर : घरातल्या ज्येष्ठांसाठी. नातवंडांच्या जन्माच्या वेळी किंवा सुट्टीत अमेरिकेला जाणारे आजी-आजोबा बहुधा सत्तरीच्या आसपास असतात. गुडघे दुखत असतात, रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे चालू असतात. चौदा तास पाय खाली सोडून बसल्यावर पायांना सूज येते, आणि पायांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वयानुसार वाढतो. माझ्या सासूबाईंना इकॉनॉमीच्या मधल्या आसनावरून प्रसाधनगृहात जायचे झाले की शेजारच्या दोघांना उठवावे लागायचे, म्हणून त्या पाणीच कमी प्यायच्या. लांबच्या विमानप्रवासात याहून वाईट काही नाही. बिझनेसमध्ये प्रत्येक आसन थेट मार्गिकेला लागून होते. त्या पाय लांब करून सहा तास झोपल्या, पाणी मागून घेतले, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर त्यांचे जोडे सहज पायांत गेले. एवढ्यासाठी दिलेल्या पैशांची मला जराही खंत नाही.

असे करताना कुटुंबाची दोन केबिनमध्ये विभागणी होते. लहान मुलांना इकॉनॉमीत ठेवून आई-वडील दोघेही पुढे बसू शकत नाहीत. मुलांच्या केबिनमध्ये मोठे माणूस असावेच लागते. आजी पुढे आणि बाकी सर्व मागे, ही विभागणी मात्र चालते. त्यासाठी आजींचे तिकीट स्वतंत्र पीएनआरवर काढावे, म्हणजे बोली किंवा अपग्रेड फक्त त्यांच्यापुरते राहते. आणि कंपनीला फोन करून दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडून घ्यावेत, जेणेकरून एखादे विमान चुकले तर पुढची सोय सर्वांची एकत्र होईल. मागच्या केबिनमधून पुढे जाऊन आजींची विचारपूस करायला कर्मचारी बहुधा हरकत घेतात, तेव्हा त्यांची औषधे आणि वाचायचा चष्मा त्यांच्याच पिशवीत ठेवावा. चाकांची खुर्ची कोणत्याही वर्गाच्या तिकिटावर विनामूल्य मिळते, पण ती आधी नोंदवावी लागते.

सामानाचा फरकही विचारात घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या मार्गावर एमिरेट्सच्या इकॉनॉमीत माणशी २३ किलोचे दोन डाग आणि बिझनेसमध्ये ३२ किलोचे दोन डाग नेता येतात, म्हणजे एका तिकिटामागे १८ किलो अधिक. भाजणी, मेतकूट, पापड आणि लेकीसाठी बांधलेले डिंकाचे लाडू त्यात बसतात, हे खरे. पण एक जादा डाग पैसे भरून नेणे यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, म्हणून केवळ सामानासाठी वर्ग बदलू नये.

अमेरिकेला निघालेल्या कुटुंबाला माझी आणखी एक शिफारस आहे, आणि तिचा वर्गाशी संबंध नाही. अबू धाबीच्या विमानतळावर २०१४ पासून अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात चढण्यापूर्वीच होते. एतिहाद या तिथल्या कंपनीच्या विमानाने त्या मार्गे गेल्यास न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखे सामान उचलून थेट बाहेर पडता येते. चौदा तासांच्या प्रवासानंतर झोपलेले मूल खांद्यावर घेऊन इमिग्रेशनच्या लांबलचक रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही याचे मोल वेगळे सांगायला नको. हा लाभ सर्वांत मागच्या ओळीतील प्रवाशालाही मिळतो.

ज्येष्ठांच्या तिकिटात जाण्या-येण्यापैकी एकाच दिशेला बिझनेस परवडत असेल, तर मी परतीचा लांब टप्पा निवडेन. जाताना आपण बरोबर असतो. परत येताना, तिकडचा मुक्काम काही महिन्यांचा झाल्यावर, आजी-आजोबा बहुतेक वेळा एकटेच येतात. पूर्वेकडे येताना शरीराचे घड्याळ जुळायला अधिक दिवस लागतात, आणि दोहा किंवा दुबईला विमान बदलताना हाताला धरणारे कोणी नसते. तिथे लाउंजमध्ये पाय वर घेऊन बसता येते आणि पुढच्या विमानापर्यंत नेणारा माणूस त्यांना कोठे शोधायचे हे जाणतो. म्हणून परतीचे तिकीट काढताना त्या भाड्यात लाउंज समाविष्ट आहे ना, एवढे वाचूनच पैसे भरावेत.