किनवटची ग्रामसभा, कळमनुरीची ग्रामसभा
दोन्हीकडे आदिवासी आहेत, कायदे मात्र वेगळे. नांदेडच्या किनवट भागातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात (सरकारने आदिवासीबहुल म्हणून जाहीर केलेल्या भागात) येतात, म्हणून तिथे १९९६चा पेसा, म्हणजे अशा भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू. हिंगोलीच्या कळमनुरीकडे आंध हा आदिवासी समाज मोठा, पण तो भाग अनुसूचित क्षेत्राच्या यादीत नाही, तिथे साधा ग्रामपंचायत कायदा.

फरक दिसतो तो सभा भरते कुठे यात. साध्या पंचायतीत सभा बहुतेकदा मोठ्या गावात. वाडीवरच्या बाईने रोजंदारी बुडवून तीन किलोमीटर चालायचं, पारावर मागे बसायचं, रजिस्टरवर अंगठा द्यायचा आणि परत यायचं. ठराव आधीच लिहिलेला असतो, हे काही गुपित नाही! पेसाच्या राज्य नियमांनुसार (२०१४) कोलाम आदिवासींचा पोडही (छोटी वस्ती) स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊ शकतो. मग सभा पोडावरच, गोंडीत किंवा कोलामीत बोललं तरी समजणारी. शिवाय तेंदू-बांबूवर हक्क, आणि सरपंचपद आदिवासींसाठी राखीव.

पण पेसा म्हणजे जादू नव्हे. पोड स्वतंत्र जाहीर व्हायला कागद हलावे लागतात, आणि निधी आला तरी हिशेब ग्रामसेवकाच्याच दप्तरात राहिला तर नुसती पाटी बदलते.

कळमनुरीकरांच्या हाती जंगलातल्या जमिनीवर आणि वनोपजावर हक्क देणारा २००६चा वनहक्क कायदा आहेच, त्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. महिलांची सभाही ग्रामसभेआधी घ्यावी लागते. निवड करायची तर मी पेसाच घेईन. पण तो मिळेपर्यंत कळमनुरीकडच्या वाडीवाल्यांनी निदान ती महिलासभा वाडीवर भरवायला लावावी.