हीट मॅट चांगली हाय, पण थर्मोस्टॅटशिवाय लावू नका

टिळकवाडीत राहतो, घरी बॉल पायथन (परदेशी अजगर) हाय, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेला. आपल्याकडचा नाग, धामण, अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा हाय, ते डोक्यात पण आणू नका. बेळगावात डिसेंबरात रात्री सापाच्या टाकीची काच कशी गारढोण पडते ठाऊकच हाय की, म्हणून ऑनलाइन १४ वॉटची हीट मॅट (करंटवर तापणारी पातळ चटई) मागवली, टाकीच्या तळाला बाहेरून एका बाजूला तिसऱ्या हिश्शाएवढी चिकटवली, आणि खाली हवा खेळावी म्हणून कोपऱ्याला रबरी बूच लावले.

विकणाऱ्यानं थर्मोस्टॅट (ठरवलेल्या टेम्परेचरला मॅट आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) लागत नाही म्हणून सांगितलं, ते साफ चूक. पहिल्याच रात्री आत काचेवर ४४ डिग्री! खालची काच तापली तरी साप हलेलच असं नसतं, तिथंच बसून पोट भाजून घेतो. वेळेत बघितलं म्हणून वाचला, हात थरथरत होते माझे.

मग डिजिटल थर्मोस्टॅट घेतला, त्याचा प्रोब (टेम्परेचर मोजणारं वायरीचं टोक) मॅट आणि काचेच्या मधे टेपनं पक्का बसवला, आत ठेवला तर साप ढकलतो नाहीतर पाणी सांडतं आणि रीडिंग चुकतं. आता गरम बाजू ३२, गार बाजू २६, आतनं टेम्परेचर गननं रोज बघतो. मॅटनं हवा फारशी तापत नाही, त्यासाठी तीन बाजूंनी बाहेरून थर्माकोल लावलाय, लई फरक पडला. करंट गेला तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवतो.

मॅटला ४ स्टार, सोबत नीट माहिती दिली असती तर ५ दिले असते.