ट्रिनिटीची तोंडी इंग्रजी परीक्षा: गावच्या शाळेनं घ्यावी का, आणि घेतली तर तयारी कशी करावी

ट्रिनिटी कॉलेज लंडन या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या या परीक्षेत उत्तरपत्रिका नसते. एक खोली, एक टेबल, पलीकडे परीक्षक आणि अलीकडे एकटं लेकरू. बोलणं संपलं की परीक्षा संपली. जी.ई.एस.ई., म्हणजे ‘ग्रेडेड एक्झामिनेशन्स इन स्पोकन इंग्लिश’, हे तिचं रूढ नाव. एकूण बारा ग्रेड आहेत आणि तीन-तीन ग्रेडचा एक टप्पा. ग्रेड एक 5 मिनिटांचा, दोन 6 चा, तीन 7 चा. चार ते सहा 10 मिनिटांचे, सात ते नऊ 15 चे, शेवटचे तीन 25 मिनिटांचे. निकाल ए, बी, सी, डी अशा अक्षरांत येतो. ए म्हणजे डिस्टिंक्शन, डी म्हणजे नापास. आपल्या विदर्भातल्या खेड्यांच्या आणि तालुक्याच्या शाळांचा संबंध मुख्यतः पहिल्या सहा ग्रेडशी येतो, म्हणून इथे तेवढ्यांचाच विचार केला आहे.

परीक्षा चांगली आहे. तिची रचना इतकी नेमकी आहे की कुठे काय शिकवायचं याचा गोंधळ उरत नाही. प्रत्येक ग्रेडचे विषय, व्याकरण आणि मुलाला काय करता आलं पाहिजे, हे सगळं अभ्यासक्रमात स्पष्ट दिलेलं असतं आणि तो अभ्यासक्रम ट्रिनिटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. छापील गाईड विकत घ्यायची गरज नाही. पण आपल्याकडे इंग्रजीची तयारी म्हणजे रट्टा, आणि ही परीक्षा रट्टा मारलेलं बोलणं पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखते. ज्या शाळेला घोकंपट्टी सोडायची नाही, तिनं या परीक्षेवर पालकांचे पैसे घालवू नयेत.

सगळ्यात जास्त चूक होते ती ग्रेड निवडताना. पाचवीतला मुलगा म्हणून ग्रेड पाच, असा हिशोब सर्रास लावला जातो. इयत्तेचा आणि ग्रेडचा काही संबंध नाही. पहिल्या ग्रेडपासूनच सुरुवात करायची असाही नियम नाही, कुठल्याही ग्रेडला थेट बसता येतं. मुलाची पातळी पाहायला दोन प्रश्न पुरतात. ‘व्हॉट आर यू डुइंग नाऊ?’ आणि ‘व्हॉट डिड यू डू यस्टरडे?’ पहिल्याचं उत्तर ‘आय ॲम सिटिंग’ असं आलं पण दुसऱ्यावर मूल अडकलं, तर ग्रेड तीन. कारण तिथे चालू वर्तमानकाळ लागतो, पण भूतकाळ फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’ एवढाच. दुसऱ्या प्रश्नावर ‘वेंट’, ‘सॉ’, ‘बॉट’, ‘प्लेड’ अशी तीन-चार क्रियापदं आपसूक आली, तर ग्रेड चार. ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स’ असं वाक्य मुलाला स्वतःहून बनवता येत असेल तरच पाच. सहाव्या ग्रेडला ‘इफ’ची वाक्यं आणि ‘मस्ट’, ‘माइट’, ‘डोन्ट हॅव टू’ यांतला फरक लागतो. तिथे घाई करू नये.

ग्रेड एकमध्ये आपले शिक्षक मुलांवर एक अनावश्यक ओझं टाकतात, ते पूर्ण वाक्याचं. परीक्षक विचारतो, ‘व्हॉट कलर इज धिस?’ मूल ‘रेड’ म्हणालं की काम झालं. ‘टच युअर नोज’ म्हटल्यावर नाकाला हात लावला तरी समजलं हे सिद्ध होतं. पण वर्गात ‘द कलर ऑफ धिस पेन इज रेड’ अशी सवय लावलेली असते, मग लेकरू वाक्य जुळवत बसतं आणि पुढचा प्रश्न त्याच्या कानावरच पडत नाही. या ग्रेडचे शब्द मोजके आहेत: वर्गातल्या वस्तू, चेहरा आणि शरीराचे भाग, नेहमीचे प्राणी, रंग, कपडे, वीसपर्यंतचे आकडे. आकडे ओळीनं सगळ्यांना येतात, मधूनच विचारले की बोटं मोजावी लागतात. म्हणून मूठभर तुरीचे दाणे टेबलावर टाका आणि ‘हाऊ मेनी?’ विचारा. रोज पाच वेळा, दर वेळी दाणे वेगळे.

दुसऱ्या ग्रेडला आकडे पन्नासपर्यंत जातात आणि ‘फिफ्टीन’, ‘फिफ्टी’चा घोळ सुरू होतो. ‘टीन’ लांब आणि ठाशीव, ‘टी’ आखूड, हे कानाला ऐकवूनच पटतं, फळ्यावर लिहून नाही. महिन्यांची गंमत वेगळीच. आपल्या कॅलेंडरवरचे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑगस्ट हे मुळात इंग्रजीच शब्द, त्यामुळे मुलांना ते येतातच असं वाटतं. मूल परीक्षेत ‘जानेवारी’ म्हणून मोकळं होतं. ‘जॅन्युअरी’ हा त्याच्यासाठी नवा शब्द आहे असं समजूनच शिकवावं.

याच ग्रेडमध्ये घरातल्या खोल्या आहेत, आणि इथे शाळा मुलांना नकळत खोटं बोलायला शिकवतात. पुस्तकातल्या घरात ड्रॉइंग रूम, डायनिंग टेबल, सोफा असतो. दोन खोल्यांच्या घरात राहणारी, ओसरीत झोपणारी पोर ते पाठ करते. परीक्षकानं साधा पुढचा प्रश्न केला, ‘व्हॉट कलर इज युअर सोफा?’, की ती गप्प. तिला इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, सोफाच नाही म्हणून. तिला हे शिकवा: ‘वी हॅव टू रूम्स. वी स्लीप इन द फ्रंट रूम. द काऊज आर बिहाइंड द हाऊस.’ गुरांचा कोठा मागे आहे, गाई दोन आहेत, एक पांढरी आहे. यावर परीक्षकानं कितीही खोदून विचारलं तरी तिच्याकडे उत्तर असतं. खरं घर हीच तिची सगळ्यात पक्की तयारी. कुणी शिक्षक कोठ्याची लाज वाटते म्हणून तो शब्द गाळत असेल, तर तो मुलीचे गुण तर घालवतोच, वर तिला स्वतःच्या घराची लाज शिकवतो.

नात्यांचंही तसंच. काका, मामा, मावसा सगळे ‘अंकल’, आत्या, मावशी, मामी सगळ्या ‘आंट’. चुलतभावाला ‘कझिन ब्रदर’ म्हणायची सवय मोडावी, नुसतं ‘कझिन’ पुरतं. आणि एक चूक थेट मराठीतून येते. आपण बाबांना आदरानं ‘शेतकरी आहेत’ म्हणतो, म्हणून मूल ‘माय फादर आर फार्मर’ म्हणतं. व्याकरणाचा नियम सांगून ही चूक जात नाही. आदर मराठीत ठेवायचा, इंग्रजीत बाबा एकटेच, म्हणून ‘इज’, असं सांगितलं की लगेच उमगतं. पुढे ‘अ फार्मर’मधला ‘अ’ येतो. तो मराठीत नाहीच, म्हणून सुटतो. ‘अफार्मर’, ‘अटीचर’, ‘अड्रायव्हर’ असे जोडशब्द म्हणूनच तोंडात बसवा.

ग्रेड चारपासून परीक्षा बदलते. दहातली पाच मिनिटं मुलानं स्वतः निवडलेल्या विषयावर, उरलेली पाच परीक्षकानं निवडलेल्या दोन विषयांवर. निवडलेल्या विषयाचा एक फॉर्म भरून न्यायचा असतो. ग्रेड चारला चार मुद्दे, पाचला पाच, सहाला सहा. सोबत वस्तू किंवा फोटो नेता येतो. परीक्षक त्या मुद्द्यांपैकी कुठलाही मुद्दा, कुठल्याही क्रमानं उचलतो आणि मधेच थांबवून विचारतो. पाठ केलेलं भाषण इथेच कोसळतं. एकदा तोडलं की मूल पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतं, आणि तेच परीक्षकाला नको असतं. शिवाय मुलानंही परीक्षकाला निदान एक प्रश्न विचारायचा असतो. तो शेवटी चिकटवल्यासारखा वाटू नये, बोलण्याच्या ओघात यावा.

विषय निवडताना शहरी मुलांची नक्कल करण्याचं काही कारण नाही. ग्रेड चारसाठी तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं घरोघर फिरवतात तो चाकांचा लाकडी बैल घ्या. याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. या ग्रेडला लागतात भूतकाळ, ‘गोइंग टू’, तुलना, आवडनिवड आणि ‘ऑलवेज’, ‘समटाइम्स’सारखे शब्द. बैल टेबलावर ठेवला की हे सगळं त्याच्याभोवती जमतं. पहिला मुद्दा, बैल कुठून आला: ‘माय ग्रँडफादर बॉट इट.’ दुसरा, तो सजवतो कसा: ‘आय ऑलवेज पेंट द हॉर्न्स फर्स्ट. आय लाइक पेंटिंग.’ तिसरा, मागच्या वर्षी काय झालं: ‘वी वेंट टू मेनी हाऊसेस. पीपल गेव्ह अस मनी.’ घराघरातून मुलांना मिळणाऱ्या या पैशांना बोजारा म्हणतात, तो शब्द मुलानं बेधडक वापरावा. परीक्षक विचारणारच, ‘व्हॉट्स दॅट?’, आणि मग मुलाला खरोखर काहीतरी समजावून सांगायची संधी मिळते. चौथा, यंदा काय करणार: ‘आय ॲम गोइंग टू मेक न्यू व्हील्स.’ तुलना तर बैलाच्या अंगावरच आहे: ‘माय ब्रदर्स बुल इज बिगर, बट माइन इज मोअर ब्युटिफुल.’ आणि परीक्षकाला विचारायचा प्रश्न, ‘डिड यू हॅव अ वुडन टॉय?’, अगदी सहज सुचतो.

हाच विषय ग्रेड पाचला नेऊ नये. त्या ग्रेडच्या संभाषणात सण हा विषय आधीच आहे, आणि संभाषणाच्या यादीतला विषय स्वतःचा म्हणून घ्यायचा नसतो. तिथे कापसाचं शेत किंवा संत्र्याची बाग घ्यावी. ‘वी हॅव ग्रोन कॉटन फॉर ट्वेंटी इयर्स’मध्ये ‘फॉर’ येतो, कापूस कमी का झाला हे सांगताना ‘बिकॉज’ येतो, किती वेचला हे सांगताना ‘अ लॉट ऑफ’ आणि ‘अ लिटल’ येतात. बोंडअळीला इंग्रजीत काय म्हणतात यावर डोकं शिणवू नका. ‘इट इज अ स्मॉल इन्सेक्ट. इट ईट्स द कॉटन फ्रॉम इनसाइड’ हे अवघड शब्दापेक्षा सरस आहे.

फॉर्मवर मुद्दे लिहिताना पूर्ण वाक्य लिहू नये, दोन-तीन शब्द पुरेत. पूर्ण वाक्य लिहिलं की मूल तेच वाचायला जातं. घरी सराव करताना चार मुद्द्यांच्या चार चिठ्ठ्या करा, डबीत टाका आणि जी निघेल तिथून बोलायला लावा. आठवडाभरात पाठांतराची पकड सुटते.

उच्चारांत विदर्भातल्या मुलांनी तीन गोष्टी सुधारल्या तरी फरक पडतो. ‘इस्कूल’, ‘इस्टॅंड’मधला सुरुवातीचा ‘इ’ काढायचा. त्यासाठी आधी नुसता ‘स्स्स’ लांब म्हणून मग ‘कूल’ जोडायचं. दुसरं, भूतकाळाचा शेवट. मुलं स्पेलिंग वाचतात, म्हणून ‘वॉकेड’, ‘वॉशेड’ म्हणतात, तिथे ‘वॉक्ट’, ‘वॉश्ट’ हवं. तिसरं, अनेकवचनाचा ‘स’ गिळला जातो, ‘टू पेन’, ‘थ्री काऊ’. मराठी वळणामुळे गुण फारसे जात नाहीत. समोरच्याला समजणं महत्त्वाचं, साहेबी ढंग आणायला जाऊ नका.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. तीस मुलांची ग्रेड तीनची सराव परीक्षा एकेकट्यानं घ्यायची तर 210 मिनिटं लागतात, म्हणजे 35 मिनिटांच्या सहा तासिका. त्यावर उपाय आहे. मुलांना समोरासमोर दोन रांगांत बसवा. एका रांगेच्या हातात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेले पाच प्रश्न. दोन मिनिटं बोलणं, टाळी, आणि उत्तरं देणारी रांग एक जागा सरकते. एका तासिकेत प्रत्येक मूल सात-आठ जणांशी बोलतं. प्रश्न विचारणारं मूलही शिकतं, कारण पुढे त्यालाही परीक्षकाला प्रश्न विचारायचेच आहेत. शिक्षकानं मधे पडून चुका दुरुस्त करू नयेत. कानावर आलेल्या दोन-तीन चुका शेवटी फळ्यावर घ्याव्यात.

एक वाक्य मात्र सगळ्या ग्रेडच्या मुलांच्या जिभेवर हवं: ‘सॉरी, कॅन यू से दॅट अगेन, प्लीज?’ परदेशी परीक्षकाचा उच्चार पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा हुशार मूलही गडबडतं. पुन्हा विचारणं म्हणजे चूक नव्हे, संवादच आहे तो. आपल्या वर्गात मात्र ‘ऐकू नाही आलं का?’ म्हणून दरडावतात, त्यामुळे मुलं विचारण्यापेक्षा गप्प बसतात. निदान या तासिकेपुरतं तरी ते दरडावणं बंद व्हावं.

पालकांना आधीच स्पष्ट सांगावं की या प्रमाणपत्रानं शालेय गुणपत्रिकेत काही वाढत नाही. शुल्क ग्रेडनुसार वाढत जातं, त्यात केंद्रापर्यंतचं येणं-जाणं मिळवा. तेवढा खर्च घराला जड जात असेल तर वर सांगितलेली सगळी तयारी परीक्षेशिवाय करावी, शिकणं तेवढंच होतं. परीक्षेला बसवायचंच असेल तर ग्रेड तीन, चार आणि पाच हे पैसा वसूल करून देणारे. एक आणि दोन शाळेतच घ्यावेत.

तयारी जुलैपासून धरावी. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडते, त्यामुळे त्याआधी काही होत नाही. आठवड्याला तीन तासिका मिळाल्या तर हिवाळ्यापर्यंत एक ग्रेड नीट होतो. दिवाळीच्या सुट्टीत रोज दहा मिनिटं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून स्वतः ऐकायला लावावं.

परीक्षेच्या दिवशी केंद्र नागपूर-अमरावतीकडे असेल तर पहाटेच्या एस.टी.नं निघालेली मुलं उपाशी असतात. त्यांना पोहोचल्यावर आधी खाऊ घाला, मग दारात उभं करा. फॉर्म शिक्षकाकडे ठेवू नका, मुलाच्या हातात द्या. आणि लाकडी बैल जाड फडक्यात गुंडाळून न्या, गाडीत चाक निखळतं. निखळलंच तर घाबरायचं नाही, मुलानं ते टेबलावर ठेवून सांगावं, ‘द व्हील ब्रोक इन द बस.’ भूतकाळाचं एक वाक्य तिथेच झालं.