जुन्या सेडियाची समोरची काच आणि जळगावातील एक सावकाश दुकान

माझी मित्सुबिशी सेडिया 2009 सालची असून तिचा क्रमांक एमएच-19 चा, म्हणजे जळगावचाच आहे. भारतात ही गाडी 2006 मध्ये आली आणि तमिळनाडूतील तिरुवल्लूरच्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात तयार होत असे. दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे पाच गिअर आणि ज्या पिढीच्या लान्सरवरून 2001 मध्ये जपानी कंपनीने इव्होल्यूशन सात ही रॅलीची गाडी घडवली त्याच पिढीचा सांगाडा, एवढ्या भांडवलावर ती इथल्या रॅलींमध्ये वर्षानुवर्षे धावली. चार दारे असलेल्या गाडीला स्पोर्ट्‌स कार म्हणावे की नाही यावर आमच्या घरात एकमत नाही, परंतु सुटे भाग मिळवताना होणारा त्रास मात्र अस्सल स्पोर्ट्‌स कारचाच आहे.

मार्चमध्ये राष्ट्रीय महामार्ग 53 वर, एरंडोल सोडून जळगावकडे येताना, पुढच्या डंपरमधून उडालेला खडा काचेवर आदळला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला. असा लहान टवका, तो चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपासून दूर असेल, तर रेझिन भरून दुरुस्त होतो, हे मला माहीत होते, तरीही मी आज-उद्या करत राहिलो. मे महिन्यात एका दुपारी गाडी तीन तास उन्हात उभी होती. आत बसल्याबरोबर मी एसी पूर्ण वाढवून वाऱ्याचा झोत काचेकडे वळवला आणि डोळ्यांदेखत त्या टवक्यातून निघालेली चीर डाव्या कडेपर्यंत जाऊन पोहोचली. चीर कडेला टेकली की दुरुस्तीचा प्रश्न संपतो आणि काच बदलावीच लागते.

अजिंठा चौफुलीच्या परिसरातील ज्या दुकानात मी गेलो, त्याची पाटी इतकी फिकट झाली आहे की मी दोनदा समोरून पुढे निघून गेलो. दुकानदारांनी दोन पर्याय सांगितले. एक, मुंबईच्या कुर्ल्याहून भंगारातील गाडीची उतरवलेली काच, आणि दुसरा, दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या बाजारातून मागवलेली नवी काच. जुनी काच निम्म्या किमतीत पडत होती, पण ती उतरवताना कडेला बसलेला बारीक मार दिसत नाही आणि पुढे तिथूनच चीर सुटते, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. स्वस्त माल समोर असताना त्याचे दोष आधी सांगणारा दुकानदार मला तरी क्वचित भेटला आहे. नवी काच 14,500 रुपयांना ठरली आणि अकराव्या दिवशी आली. तिच्या खालच्या कोपऱ्यात भारतीय मानक 2553 चे चिन्ह आणि लॅमिनेटेड हा शब्द कोरलेला आहे, हे त्यांनी खोके उघडताच बोट ठेवून दाखवले. ग्राहकाने हे चिन्ह अवश्य पाहावे, कारण समोरची काच दोन पातळ काचांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लास्टिकचा पडदा दाबून केलेली असते आणि फुटली तरी तिचे तुकडे त्या पडद्याला चिकटून राहतात. वरच्या बाजूची हिरवट पट्टी मात्र मूळ काचेपेक्षा एक छटा फिकी निघाली. ती मी मान्य केली.

खरे काम काच काढल्यावर सुरू झाले. जुन्या अ‍ॅम्बेसेडरची काच रबरी बीडिंगमध्ये बसत असे, सेडियाची काच पेस्टिंगची आहे, म्हणजे ती पॉलियुरेथेनच्या गोंदाने थेट पत्र्याच्या चौकटीला चिकटवलेली असते. कारागीर मूळचे अमळनेरचे, वयाने पन्नाशीच्या पुढचे. त्यांनी वायपर आणि त्याखालची जाळी काढली, गोंदातून तार ओवली, दोघांनी आतून-बाहेरून ती करवतीसारखी ओढत चारही बाजू कापल्या आणि काच उचलून बाजूला ठेवली. मी तेव्हा समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. त्यांनी मला हाक मारून बोलावले आणि चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर पेचकसाचे टोक फिरवले, तेव्हा बाजरीच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा गंजाचा पापुद्रा सुटला.

त्याचे मूळ दहा वर्षांपूर्वीच्या एका कामात होते. तेव्हा दुसऱ्या शहरातील एका दुकानात हीच काच दोन तासांत बदलून मिळाली होती आणि त्या वेगाचे मी कौतुकही केले होते. त्या वेळी गोंदाऐवजी साधे सिलिकॉन सिलंट भरले होते आणि पत्र्यावर पडलेले ओरखडे रंग न लावता तसेच झाकले होते, हे आता उघडे पडले. दर पावसाळ्यात चालकाच्या पायाखालच्या गालिच्याला येणारा कुबट वास मी इतकी वर्षे एसीच्या माथी मारत होतो.

गंजावर गोंद लावला तर गोंद गंजाला धरतो, पत्र्याला नाही, आणि गंज सुटला की काचही सुटते. ही काच नुसता वारा अडवत नाही. गाडी उलटल्यास छपराला तिचा आधार असतो, आणि ज्या गाड्यांत शेजारच्या आसनासमोर एअरबॅग असते तिथे फुगणारी एअरबॅग काचेवर रेटूनच प्रवाशाकडे वळते. म्हणून कारागिरांनी त्या दिवशी काच बसवायला नकार दिला. "भाऊ, आज गाडी आठेच (इथेच) राहू द्या," एवढेच ते म्हणाले. चौकट घासून पांढरा पत्रा उघडा केला गेला, त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि मग रंग चढला, आणि तो वाळण्यासाठी पुढचा अख्खा दिवस सोडला. मला कामासाठी धुळ्याला जायचे होते आणि मी बसने गेलो. त्या प्रवासात दुकानाबद्दल माझ्या मनात जे विचार आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सकाळी सात वाजता बोलावले. जळगावच्या मे महिन्यात दहा वाजल्यानंतर पत्रा इतका तापतो की गोंदावर लगेच साय धरते आणि काच नीट टेकत नाही, हे त्याचे कारण. गोंदाची वळी गनमधून एकसारखी, त्रिकोणी आकारात, कुठेही न तुटता पूर्ण चौकटीवर फिरली. चोषकांनी दोन बाजूंनी धरलेली काच एकदाच खाली आली आणि पुन्हा उचलली गेली नाही. हा गोंद हवेतील ओलावा घेऊन पक्का होतो आणि साधारणपणे एका दिवसात तीन-चार मिलिमीटर आत घट्ट होत जातो, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात घाई उपयोगाची नसते. संध्याकाळपर्यंत गाडी हलवू दिली नाही. घरी नेताना एका खिडकीची काच दोन बोटे खाली ठेवायला सांगितले, म्हणजे दार आपटल्यावर आतल्या हवेचा दाब ओल्या गोंदावर येत नाही. कडांवरच्या चिकटपट्ट्या दुसऱ्या दिवसापर्यंत काढायच्या नव्हत्या आणि गाडी दोन दिवस धुवायची नव्हती.

मजुरीचे 2,500 आणि गंज काढून रंग देण्याचे 3,000 असा हिशेब झाला. तक्रार आहे ती कागदपत्रांबद्दल. जीएसटीचे बिल देण्याचे कबूल करूनही ते मिळवण्यासाठी मला चार फोन करावे लागले, आणि काच काढण्यापूर्वी विम्याच्या सर्वेक्षकासाठी छायाचित्रे घ्यायची असतात ही आठवण मलाच करून द्यावी लागली. जुन्या गाडीचा विमा काचेसाठी वापरावा का, असे अनेक जण विचारतात. काचेवर घसारा कापला जात नाही, परंतु 1500 सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीला सक्तीचे 2,000 रुपये स्वतः सोसावे लागतात आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. माझ्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनसपूर्वी सुमारे 4,000 रुपये आहे. बोनस पुन्हा 20, 25, 35, 45 असा चढत 50 टक्क्यांवर जाईपर्यंत माझे एकूण 5,000 रुपये जातील. म्हणजे बोनसचे 5,000 रुपये गमावून मला काच आणि मजुरीच्या 17,000 पैकी 15,000 मिळाले, तेव्हा दावा फायद्याचा ठरला. गंजाचे पैसे विमा कंपनीने नाकारले, आणि ते योग्यच होते. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना फाटला, म्हणून नवा मागवावा लागला. दुकानाने हे आधी सांगितले असते तर पहिल्या टोलनाक्यावर माझी फजिती झाली नसती.

आणखी एक उणीव राहिली आहे. कडेची प्लास्टिक पट्टी मूळची मिळाली नाही, दुसऱ्या गाडीची कापून बसवली आहे, आणि पारोळ्याच्या पुढे ताशी 90 किलोमीटरचा वेग ओलांडला की डाव्या वरच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टी ऐकू येते. मूळ पट्टी मिळाल्यास ती फुकट बसवून देण्याचे दुकानदारांनी मान्य केले आहे.

काच पाण्याच्या नळीखाली तपासून दिली होती, तरी माझा विश्वास बसत नव्हता. जूनमध्ये मी चालकाच्या बाजूच्या गालिच्याखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि भर पावसात चाळीसगावहून कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जाऊन आलो. परत आल्यावर घडी उलगडली, तेव्हा कागद कुरकुरीत होता आणि केळीचे त्या दिवशीचे भाव स्पष्ट वाचता येत होते.